तुरटी कोणी टाकली?

"मॅडम, या दोन्हींत फरक काय आहे तेवढं सांगा. आणि वर्षाला इतक्यात काही बोलू नका."

निलेश आहेरने झिपच्या दोन छोट्या पिशव्या माझ्या टेबलावर ठेवल्या. एकीवर मार्करने 'जुनं' लिहिलं होतं, दुसरीवर 'नवं'. आत काळपट, चकचकीत तुकडे होते. तव्यावर करपलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखे दिसत होते.

"कंपनी तुमची दोघांची आहे ना?" मी विचारलं.

"हो. पण सॅम्पल मी आणलंय."

"रिपोर्ट कंपनीच्या नावाने निघतो. तो तिच्याही मेलवर जाणार."

"जाऊ द्या. आधी निघू तर द्या."

मी सातपूर एमआयडीसीतल्या एका खाजगी टेस्टिंग लॅबमध्ये ॲनालिस्ट आहे. एखादी वस्तू नेमकी कशाकशाची बनली आहे ते शोधणं हे माझं काम. बहुतेक वेळा समोर येतं ते गाड्यांच्या पार्ट्सचं स्टील, पोपडे धरलेला रंग, नाहीतर एखाद्या वायनरीच्या टाकीतला गाळ. निलेशचे तुकडे त्यातले नव्हते. ते मेम्ब्रेन होतं, म्हणजे पाणी गाळायचा अतिशय पातळ पडदा.

तो कसा बनतो ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पेन्सिलीच्या शिशात असतं ते ग्रॅफाइट. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून त्याचे पदर सुटे करतात. एकेक पदर जेमतेम एखाद्या अणूच्या जाडीचा. याला ग्राफीन ऑक्साइड म्हणतात. हे पदर पाण्यात सोडले की पाणी तपकिरी होतं. ते बारीक छिद्रांच्या गाळणीवर ओतायचं आणि खालून पंपाने ओढायचं. पाणी निघून जातं आणि पदर एकावर एक आडवे बसतात, रद्दीच्या गठ्ठ्यातल्या पेपरांसारखे. वाळल्यावर केसापेक्षा कितीतरी पातळ असा काळा पडदा तयार होतो. पदरांमधल्या फटींतून पाणी जातं. गढूळपणा आणि जंतू मागे राहतात.

निलेश आणि डॉ. वर्षा गांगुर्डे यांची अंबडला छोटी कंपनी आहे. दोघं कॉलेजपासूनचे मित्र. निलेश देवळ्याचा, घरी कांद्याचा व्यापार, बोलण्यात पटाईत. मशीन आणि गिऱ्हाईक तो बघतो. वर्षा मनमाडची, वडील रेल्वेत होते. पीएचडी झालेली. मेम्ब्रेन ती बनवते. एका ट्रस्टच्या मदतीने त्यांनी पेठ तालुक्यातल्या मुलींच्या वसतिगृहात पाण्याचं डेमो युनिट बसवलं होतं. ते कित्येक महिने उत्तम चाललं. त्या भरवशावर ट्रस्टने तिथेच मोठं युनिट मंजूर केलं. तेही वर्षानेच बनवलं. आणि ते बसवल्यावर थोड्याच दिवसांत नळाच्या पाण्यात काळे कण यायला लागले. पडदाच सुटून पाण्याबरोबर येत होता.

"पावडर बदलली का?" मी विचारलं.

"नाही. सप्लायर तोच, माल तोच."

"बनवणारं माणूस?"

"तेच." त्याने खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणूनच तर विचारतोय ना मॅडम."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. वडिलांचा असावा. "हा बापू, मी लॅबमा शे. नंतर फोन करस," असं अहिराणीत म्हणून त्याने तो कट केला. मग मला म्हणाला, "घरच्यांनी भरवसा ठेवून या धंद्यात उतरू दिलं. लय अवघड झालंय."

मी सॅम्पल ठेवून घेतलं.

पहिली टेस्ट इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली. हा मायक्रोस्कोप प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉनचा झोत मारतो. झोत लागला की वस्तूतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापले ठरावीक एक्स-रे सोडतं. स्क्रीनवर त्याचा उंचवटा दिसतो, त्याला आम्ही पीक म्हणतो. कोणाचं पीक कुठे येतं ते ठरलेलं असतं. त्यामुळे पीक बघितलं की आत कोण बसलंय ते कळतं.

'नवं' लिहिलेल्या तुकड्यात कार्बन आणि ऑक्सिजन. जे असायला हवं तेच. मूळ पावडरीतलं थोडं गंधक, बाकी काही नाही.

'जुनं' लिहिलेल्यात कार्बन, ऑक्सिजन, तेच थोडं गंधक आणि ॲल्युमिनियम.

मी लगेच काही लिहिलं नाही. कारण मायक्रोस्कोपमध्ये सॅम्पल ज्यावर चिकटवतात ती बटणासारखी बैठक, तिला स्टब म्हणतात, ती ॲल्युमिनियमचीच असते. पडदा इतका पातळ की झोत त्यातून आरपार जाऊन खालच्या स्टबवर आपटतो आणि स्टब आपलं पीक दाखवतो. नव्या तुकड्याखाली प्लॅस्टिकची जाड शीट होती, तिथे झोत स्टबपर्यंत पोचलाच नसता. म्हणजे फरक सॅम्पलचा नसून माझ्या बैठकीचा असू शकत होता. नवीन पोरं अशा वेळी आनंदाने उड्या मारतात आणि नंतर तोंडावर पडतात.

जुना तुकडा काढून मी तांब्याच्या पट्टीवर चिकटवला. आता ॲल्युमिनियम जायला हवं होतं.

गेलं नाही.

मग छोटा तुकडा जाळून, राख ॲसिडमध्ये विरघळवून दुसऱ्या मशीनवर मोजलं. तिथेही आलं. थोडं, पण हमखास. मायक्रोस्कोपने त्याचा नकाशा काढला तेव्हा ते एका जागी कणासारखं दिसलं नाही. पोह्यांवर हळद सारखी बसावी तसं सगळीकडे पसरलेलं होतं.

निलेश दुसऱ्या दिवशी आला. मी त्याला पीक दाखवलं.

"ॲल्युमिनियम म्हणजे तुरटी!" तो एकदम म्हणाला.

"तुरटीत ॲल्युमिनियम असतं. पण ॲल्युमिनियम म्हणजे तुरटीच असं नाही."

त्याने ते ऐकलंच नाही. "ट्रस्टच्या अर्जात तिने लिहून दिलंय की ग्राफीन ऑक्साइडशिवाय यात काहीही नाही. आणि डेमोत तुरटी टाकून पाणी स्वच्छ दाखवलं. गावात लोक पाणी निवळायला तुरटी फिरवतातच की. मोठ्या युनिटला तो डाव चालला नाही, म्हणून आता हे." तो बोलता बोलता खुर्चीत मागे टेकला. राग कमी आणि थकवा जास्त होता. "मॅडम, मला रिपोर्ट द्या. मी ट्रस्टला पाठवतो आणि यातून बाजूला होतो."

मी माझे साहेब कर्वे सर यांच्याकडे गेले.

"आपल्याला काय विचारलंय?" सर म्हणाले. "दोन्हींत काय काय आहे. लिहा आणि मोकळ्या व्हा."

"सर, ते कुठून आलं हे माहीत नसताना?"

"ते विचारलेलं नाही."

"विचारलेलं नाही, पण वाचणारा तेच वाचणार. एका बाईची सगळी डिग्री त्या एका ओळीवर जाईल."

"भामरे मॅडम, आपण लॅब आहोत, कोर्ट नाही."

"म्हणूनच म्हणते. सॅम्पलचा पूर्वेतिहास अपुरा आहे. तो कंपनीकडून मागायचा हक्क आपल्याला आहे. आणि कंपनीत मेम्ब्रेन बनवतं कोण?"

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना पटलं की ते चष्मा पुसतात. "शुक्रवारपर्यंत," ते म्हणाले. "त्यानंतर आहे तसा रिपोर्ट जाईल."

निलेशला ते आवडलं नाही, पण नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं. त्यानेच वर्षाला फोन केला.

ती अंबडहून स्कूटरवर आली. बारीक चणीची, ओढणी घट्ट गुंडाळलेली. मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिने ॲल्युमिनियमचं पीक पाहिलं. तिचा पहिला प्रश्न मी स्वतःला विचारला होता तोच होता.

"स्टबचं नाही ना?"

"तांब्यावर घेतलंय. ॲसिडमध्येही आलंय."

ती खाली बसली. "सॅम्पल निलेशने दिलं?"

"हो."

"मला न विचारता?"

ती पुन्हा त्या पीककडे वळली. मग म्हणाली, "मॅडम, मी काहीही टाकलेलं नाही. मोठं युनिट फसल्यापासून मला वाटत होतं की माझाच हात बिघडला. तीच पावडर, तेच प्रमाण, तोच पंप. आता तुम्ही म्हणता की जे चांगलं होतं त्यातच भेसळ आहे."

"भेसळ म्हणाले नाही मी. ॲल्युमिनियम आहे म्हणाले."

"निलेशच्या कानाला ते एकच."

"हा जुना तुकडा कुठला आहे?"

"डेमो युनिटमधून काढलेला. वापरलेला."

वापरलेला. म्हणजे पेठचं पाणी कित्येक महिने त्यातून गेलेलं. मी विचारलं, "तिथल्या पाण्यात तुरटी असते का?" तिला माहीत नव्हतं. निलेशलाही माहीत नव्हतं. मग तिघं पेठला जायचं ठरलं.

निलेशची गाडी. मी पुढे, वर्षा मागे. सावळघाट चढून उतरलो. निलेशने एकदा रेडिओ लावला आणि स्वतःच बंद केला.

वसतिगृहाच्या अधीक्षिका मंगला भोये. मुली त्यांना भोयेबाई म्हणतात. त्याच भागातल्या. हात पदराला पुसत बाहेर आल्या आणि वर्षाला बघून त्यांचा चेहरा कठीण झाला.

"तुमचा मोठा फिल्टर मी बंद करून ठेवलाय. पोरींच्या तांब्यात काळं काळं यायला लागलं. एकीनं विचारलं, बाई, पाण्यात राख हाय का? आता परत खालच्या विहिरीवरून आणतात. एवढा चढ. शाळेला उशीर होतो त्यांना."

वर्षाने मान खाली घातली. निलेश काही समजावायला लागला, तर बाईंनी हात वर केला. "लहान फिल्टर होता तो लय चांगला चालला. तो काढून हा मोठा का बसवला, ते मला सांगा आधी."

मी विचारलं, "बाई, टाकीत तुरटी फिरवता का?"

"फिरवतो ना. पाणी गढूळ असलं की फिरवतोच. आधीपासून."

निलेशने माझ्याकडे पाहिलं, मग वर्षाकडे. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. खरं सांगायचं तर माझाही उतरला. टाकीतली तुरटी पाण्यात, पाण्यातून पडद्यात. कोणीच खोटं बोललं नाही, कोणाचीच चूक नाही. परत येताना निलेशने घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवून तिघांना चहा पाजला. वर्षाच्या चहात साखर कमी घालायला त्याने स्वतःहून सांगितलं.

मी मात्र चहा पिताना वर्षाला विचारलं, "त्याच वेळचा, पण कधीच न वापरलेला तुकडा आहे का तुझ्याकडे?"

"आहे. कपाटात ठेवलाय."

"उद्या दे."

तिने दुसऱ्या दिवशी सकाळीच आणून दिला. त्या तुकड्याला पेठचं पाणी कधी लागलेलं नव्हतं. मी तो तांब्याच्या पट्टीवर लावला.

ॲल्युमिनियम. जवळजवळ तेवढंच.

पाण्यातून आलं हा हिशेब तिथेच संपला. मी फोन केला तेव्हा वर्षा म्हणाली, "मी हा तुकडा तुम्हाला दिलाच नसता तर?"

"तर मी नाशिक पालथं घालून तो शोधला असता."

पण मनात मी वेगळं म्हणत होते. स्वतःच्या विरुद्ध जाऊ शकणारं सॅम्पल जी बाई स्वतः आणून देते, ती खोटं बोलत असेल असं मला वाटत नव्हतं. फक्त वाटणं रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही. आणि शुक्रवार परवावर आला होता.

"वर्षा, मी अंबडला येते," मी म्हणाले. "तू डेमोचा पडदा जसा बनवला होतास, अगदी तसाच माझ्यासमोर बनव. काहीही गाळू नको. हात कुठे पुसतेस तेही बघायचंय मला."

तिचं वर्कशॉप म्हणजे एका शेडचा अर्धा भाग. पण स्वच्छ. तिने पावडर तोलली, पाण्यात घातली, तपकिरी द्राव तयार केला. मी पावडरीचं, पाण्याचं, भांड्याच्या धुवणाचंही सॅम्पल घेत गेले. मग तिने पंपावर काचेचं नरसाळं बसवलं, एका डबीतून चिमट्याने एक पांढरी गोल चकती काढली आणि नरसाळ्याखाली ठेवली. पाणीपुरीच्या पुरीएवढी, पापडासारखी ठिसूळ.

"ही कसली?"

"ही गाळणी. डेमोचे पडदे छोटे होते, ते हिच्यावर बनवायचे. वाळले की सोलून काढायचे आणि प्लॅस्टिकच्या जाळीवर बसवायचे. चकती परत डबीत."

"आणि मोठ्या युनिटला?"

"एवढ्या मोठ्या चकत्या मिळत नाहीत. मोठे पडदे थेट प्लॅस्टिकच्या छिद्रांच्या शीटवर बनवले. पण मॅडम, ही नुसती गाळणी आहे. शेवटी पडद्यात ती राहातच नाही."

"कशाची आहे ही?"

"ॲल्यु…" ती म्हणाली आणि तिथेच थांबली.

ॲल्युमिना. म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड.

आम्ही दोघी त्या चकतीकडे बघत उभ्या राहिलो. पंप चालूच होता.

"पण ते पाण्यात विरघळत नाही," वर्षा हळूच म्हणाली. "म्हणून तर वापरतात."

"साध्या पाण्यात नाही विरघळत. हा द्राव किती आंबट आहे?"

तिने पीएचची पट्टी बुडवली. ग्राफीन ऑक्साइडचा द्राव आंबट असतो हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं. पट्टी लालसर झाली. चिंचेच्या कोळात तांब्याची भांडी उजळतात ना, तसंच काहीसं. आंबट द्राव त्या चकतीला किंचित खात होता. सुटलेलं ॲल्युमिनियम वर पडद्यात जाऊन बसत होतं. चकती परत डबीत जात होती, वरवर बघता जशीच्या तशी.

मी फोन करून निलेशला बोलावलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, पण तो व्यापाऱ्याच्या घरचा माणूस. सहज कशावर विश्वास ठेवत नाही. त्याचं म्हणणं रास्तही होतं.

"चकतीचा चुरा खालच्या बाजूला चिकटला असेल. त्याने पडदा टिकतो हे कशावरून?"

दोन प्रश्न होते. ॲल्युमिनियम वरपर्यंत पोचलंय का? आणि त्याचा टिकण्याशी काही संबंध आहे का?

पहिल्यासाठी पुण्याला जावं लागलं. तिथल्या एका संस्थेत असं मशीन आहे जे वस्तूची फक्त वरची साल बघतं. साल म्हणजे काही अणूंची जाडी, बस. खाली काय आहे ते त्याला दिसतच नाही. अशा मशीनवर नंबर लागायला वेळ लागतो, पण कर्वे सरांनी स्वतः फोन करून मधली एक जागा मिळवली. शुक्रवारचं नाव त्यांनी परत काढलं नाही. पडद्याची जी बाजू चकतीला कधी टेकलेलीच नव्हती, ती आम्ही वर ठेवली. तिथेही ॲल्युमिनियम होतं. चुरा उडून तिथवर जात नाही. विरघळलेलंच जातं.

दुसऱ्या प्रश्नासाठी मशीनची गरजच नव्हती. तीन बीकर पुरले.

वर्षाने तीन पडदे बनवले. एक पांढऱ्या चकतीवर. एक प्लॅस्टिकच्या शीटवर. आणि तिसरा प्लॅस्टिकच्याच शीटवर, पण द्राव गाळून झाल्यावर वरून ॲल्युमिनियमच्या क्षाराचं अगदी थोडं पाणी सोडून. तिन्ही वाळवले, सोलले, साध्या पाण्याच्या बीकरमध्ये सोडले. टेबलाभोवती आम्ही तिघं बसलो. निलेशने फोन पालथा ठेवला.

सुरुवातीला काहीच झालं नाही. निलेशने माझ्याकडे पाहिलं. मी बीकर हलक्या हाताने फिरवायला सांगितलं.

दुसऱ्या बीकरमधला पडदा कडेने फुगला. मग त्याची एक कड सुटली. हळूहळू पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी व्हायला लागलं. थोड्या वेळाने पडदा म्हणावं असं तिथे काही उरलंच नाही. पेठला मुलींच्या तांब्यात जे आलं, ते आमच्यासमोर होत होतं.

पहिला आणि तिसरा जसेच्या तसे. निलेशने चमच्याने तिसरा ढोसून बघितला. तुटला नाही.

"असं का होतं?" त्याने विचारलं. आता आवाज वेगळा होता.

वर्षाने सांगितलं. ग्राफीन ऑक्साइडच्या पदरांवर पाण्यात ऋण भार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून पाण्यात पडदा सुटतो. ॲल्युमिनियमवर धन भार असतो. तो दोन पदरांच्या मध्ये बसून दोघांना धरून ठेवतो. गोधडीचे थर टाक्यांनी धरून ठेवतात तसं. डेमोच्या पडद्यात हे टाके चकतीने घातले होते, आम्हाला न सांगता. मोठ्या पडद्यात टाकेच नव्हते. तो एकदम शुद्ध होता, म्हणून सुटला.

निलेश उठला, नळावर जाऊन तोंड धुवून आला.

"सॉरी," तो म्हणाला.

"तुला शंका आली ते ठीक आहे," वर्षा म्हणाली. "यायलाच पाहिजे. पण लॅबला विचारायच्या आधी मला विचारायचं."

"तू खोटं बोलली असतीस तर?"

"तर मग लॅबला."

मी बीकर धुवायला घेऊन गेले. तिथे माझं काम नव्हतं.

नंतर वर्षाने जुने शोधनिबंध धुंडाळले तेव्हा कळलं की ही गोष्ट जगात आधीच माहीत होती. दुसऱ्या देशातल्या लोकांनी अशाच चकतीने असेच फसून ती शोधून काढली होती. तिने मला ते वाचायला पाठवलं आणि खाली लिहिलं, 'आपण दोघीच नव्हतो.' मला बरं वाटलं आणि थोडं वाईटही.

ट्रस्टला पत्र वर्षानेच लिहिलं. 'पडद्यात ग्राफीन ऑक्साइडशिवाय काही नाही हे माझं विधान चुकीचं होतं, मला ते माहीत नव्हतं,' असं सरळ. निलेश म्हणत होता की जरा गोल फिरवून लिही. तिने ऐकलं नाही. ट्रस्टवाले कुरकुरले, पण त्यांनी योग्य प्रश्न विचारला: हे ॲल्युमिनियम पिण्याच्या पाण्यात उतरतं का? ती टेस्ट आमच्याच लॅबमध्ये झाली. नव्या पडद्यातून पाणी सोडत राहिलो आणि पुन्हा पुन्हा मोजत राहिलो. पिण्याच्या पाण्याला जेवढी मुभा आहे त्याच्या बरंच खाली राहिलं. तेव्हाच रिपोर्टवर सही केली.

नवे मोठे पडदे टाके घालून बनवले आणि पेठला बसवले. भोयेबाईंनी आमचा रिपोर्ट घेतला, घडी घालून टेबलावर ठेवला आणि नळाखाली पांढरं फडकं बांधलं. ते फडकं बरेच दिवस रोज बघून, काळा ठिपकासुद्धा नाही अशी खात्री झाल्यावरच मुलींना पाणी भरू दिलं. त्यांचं बरोबरच होतं. आमच्या टेस्टपेक्षा ती टेस्ट कमी कडक नव्हती. आता मुली विहिरीवर जात नाहीत, असं निलेशने मध्यंतरी सांगितलं.

कंपनी चालू आहे. दोघं पार्टनर आहेत. मैत्री पूर्वीसारखी आहे का ते मला माहीत नाही. पण आमच्याकडे सॅम्पल येतं तेव्हा आता दोघांच्या सह्या असतात, आणि पहिली सही निलेश तिला करायला लावतो.

आमचं मशीन वस्तूत काय आहे ते सांगतं. ते कोणी टाकलं, मुद्दाम टाकलं की आपोआप आलं, हे मशीन सांगत नाही. पण पीक बघितलं की माणसं ते स्वतःच वाचतात. म्हणून त्या दिवसापासून कोणीही काउंटरवर सॅम्पल ठेवलं की मी आधी एकच विचारते.

"हे कशावर बनवलं होतं?"

बहुतेक लोक म्हणतात, "मॅडम, त्याचा इथे काय संबंध?"

मग मी त्यांना बसायला खुर्ची देते.